नळाकडचा कोपरा

आकडा वाईट होता. एकदाच आला असता तर चुकला म्हणून सोडून देता आला असता, पण हा पुन्हा पुन्हा तोच येत होता, आणि असल्या आकड्याशी भांडता येत नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यामागच्या गल्लीत एका लहानशा सर्व्हे कंपनीची कचेरी आहे. तिथे हेमांगी स्क्रीनसमोर बसली होती आणि समोर मुरबे गावचा मासळी वाळवायचा सिमेंटचा ओटा होता. म्हणजे खरा ओटा समुद्राकाठी जागच्या जागीच होता. स्क्रीनवर होता तो त्याचा बिंदूंचा ढग. मशीन जमिनीवर उजेडाच्या पट्ट्या टाकतं, त्या पट्ट्या कुठे कशा वाकल्या ते बघतं आणि जमिनीच्या एकेका ठिपक्याची जागा नोंदून घेतं: इतका लांब, इतका रुंद, इतका उंच. असे लाखो ठिपके जमले की जमिनीचा हुबेहूब आकार उभा राहतो. रंग नाही, वास नाही, नुसता आकार. मग त्या ठिपक्यांमधून एक काल्पनिक सपाट पाट बसवायचा आणि कुठला ठिपका पाटाच्या किती वर, किती खाली ते मोजायचं. सगळ्यांची सरासरी काढली की जमीन किती खडबडीत ते कळतं. हे सगळं कॉम्प्युटर करतो. माणसाने फक्त घाबरायचं काम करायचं, आणि ते हेमांगी मनापासून करत होती.

मर्यादा होती अर्ध्या मिलिमीटरची. ओटा तिच्या दुपटीच्याही वर गेला होता.

आता मिलिमीटर म्हणजे काय, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी गोष्ट. तिच्यावरून एवढा जीव टांगणीला लावायचं कारण काय, असं ज्याला वाटेल त्याने जवला कधी जमिनीवरून उचललेला नाही. जवला ही नखाएवढी कोळंबी. ओली पसरायची, उन्हात कडकडीत वाळवायची, झाडूने ओढून गोळा करायची. जमीन खडबडीत असली की ती खाचांत अडकते, ओढताना मोडते आणि सिमेंटची कच बरोबर घेऊन येते. व्यापारी चिमूटभर तोंडात टाकतो, दाताखाली कचकन लागलं की टोपली मागे सारतो. किनाऱ्यावरच्याच एका गावात मागे असा ओटा झाला होता. बायांनी एक हंगाम कसाबसा काढला आणि पुन्हा वाळूवर गेल्या. ओट्यावर आता पोरं क्रिकेट खेळतात. म्हणून या वेळी सरकारने अट घातली होती: ओटा मशीनने मोजायचा, मर्यादेत बसला तरच ताब्यात द्यायचा, नाहीतर वरचा थर खरवडून नव्याने करायचा.

नव्याने करायचा, हे कागदावर लिहायला सोपं. दसरा झाला होता, होड्या जाळी भरून येऊ लागल्या होत्या. ओटा आत्ता फोडला तर सिमेंट पुन्हा घालून, मुरवून, सुकवून होईपर्यंत हंगाम हातचा गेला असता.

आणि हा ओटा हेमांगीच्या आईचा होता. कागदोपत्री महिला मंडळाचा, पण मंडळात ज्यांनी पालघरच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्या दोघीच, गोदूबाई आणि हेमांगीची आई काशीबाई. साहेब जेवायला गेले, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब बदलून गेले, हे ऐकत ऐकत त्या दोघींनी वर्षं काढली. तिथल्या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो हेसुद्धा काशीबाईला पाठ झालं होतं. शेवटी ओटा झाला तेव्हा तिने लेकीला फोन करून सांगितलं होतं, "गो, आता वाळू चावायची नाय."

हे काम कंपनीकडे आलं त्याच दिवशी हेमांगी दिग्विजय सरांच्या केबिनमध्ये गेली होती.

"सर, हे माझं गाव आहे. माझी आई त्या मंडळात आहे."

दिग्विजय सर सांगलीकडचे, बोलायला कमी. त्यांनी थोडा विचार केला. "मग तू तिथं जायचं नाहीस. माप मनीष घेईल. गणित तू कर, मी तपासतो. आणि बरं झालं सांगितलंस."

एवढ्यावर भागलं असतं. पण हेमांगीचा प्रामाणिकपणा थोडा आडदांड होता. तिने स्वतःच्या पदरचा आणखी एक नियम केला: रिपोर्ट जाईपर्यंत घरी ओट्याचा शब्द काढायचा नाही आणि कुणाला काढू द्यायचा नाही. बोईसरच्या भाड्याच्या खोलीतून ती रोज आईला फोन करायची. जेवलीस का, गुडघा कसा आहे, भाऊ होडीवर गेला का, इथपर्यंत सगळं ठीक. पण मनीष माप घेऊन आला त्या संध्याकाळी काशीबाई आनंदाने फुटायच्या बेतात होती.

"अगो, आयकलास काय? तुमचा तो मनीष आलता ना, तर आमी काय केला माहीत हाय..."

"आई, ओट्याचं नको."

"अगो, पन आयक तरी..."

"नको म्हटलं ना! रिपोर्ट जाऊ दे, मग बोल."

काशीबाईचा उत्साह ओसरला. मग मशीनलाही कळलं नसतं इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "बरं बाय. तुझा काम मोठा."

ते वाक्य हेमांगीला दोन दिवस सलत होतं. आणि आता वर हा आकडा.

तिने पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतला, आणि ते बरोबरच होतं. ओट्याला पाणी वाहून जायला मुद्दाम उतार दिलेला असतो. तो आधी वजा केला नाही तर उतारच खडबडीतपणा म्हणून मोजला जातो. तिने पाहिलं, उतार नीट वजा झाला होता. मग भटके ठिपके. मापाच्या वेळी एखादी माशी बसते, माशाचं खवलं उडून येतं, ते ठिपके हवेत लोंबतात. तेही तिने काढून टाकले. आकडा केसभर हलला आणि थांबला. मग मशीनच बिघडलं असेल म्हणून तिने मापाच्या दिवशी सकाळी तपासणीसाठी घेतलेलं काचेच्या तुकड्याचं माप उघडलं. काच काचेसारखीच गुळगुळीत आली होती. मशीन बिचारं निर्दोष होतं.

तेवढ्यात मनीष जेवून आला. मनीष बीडकडचा, उत्साही माणूस, आणि मुरब्याहून आल्यापासून तर फारच खूश. कचेरीच्या ग्रुपवर त्याने टाकलेले सगळे फोटो ताटाचे होते: तळलेले बोंबील, भाकरी, पुन्हा बोंबील.

"मनीष, माप घेताना काही गडबड झाली होती का रे?"

"गडबड कशाची? उन्हात मशीनला पट्ट्या दिसंनात, तर बायांनी लुगडं धरलं की चारी कोपरे. गोदूबाईंनी तर मला खाली बसू दिलं नाही. लई माया हो तुमच्या गावात."

"ओट्यावर काही पसरलेलं नव्हतं ना? जवला, जाळी?"

"काही नाही. एकदम स्वच्छ. काडी नव्हती."

हेमांगी पुन्हा स्क्रीनकडे वळली. म्हणजे दोष ओट्याचाच. ओटा बांधणाऱ्या मुकादमाने घाई केली असेल, थापी नीट फिरवली नसेल. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट सरांकडे जायचा होता. खाली सही तिची. आईच्या ओट्यावर फोडायचा शिक्का लेकीने मारायचा, आणि मग रात्री फोन करून विचारायचं, जेवलीस का.

क्षणभर तिच्या मनात आलंच. खोटं कशाला बोला. सरासरी काढण्याआधी ठिपके थोडे गुळगुळीत करून घ्यायची सोय त्याच प्रोग्राममध्ये असते. तिची एक पायरी वाढवली की खाचा भरून निघतात, आकडा उतरतो. सर तपासतील, पण सरांनाही दिसणार नाही. तिचा हात माउसवर होता. तिने तो उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग आकडा नकोच, निदान जमीन तरी बघू, म्हणून तिने पाटाच्या वरच्या ठिपक्यांना लाल आणि खालच्यांना निळा रंग द्यायला सांगितला आणि पहिला तुकडा मोठा केला.

कमानी होत्या. एकाला लागून एक, अर्ध्या वर्तुळाच्या कमानी, रांगेने.

थापीच्या खुणा, तिने मनात म्हटलं. गवंडी थापी अशीच फिरवतो. पण थापीची धार एक रेघ उठवते, आणि इथे प्रत्येक कमानीत चार रेघा होत्या, शेजारी शेजारी, मधल्या दोन थोड्या खोल, कडेच्या उथळ. हेमांगी पुढे वाकली. चार रेघा, आणि कमान जिथे संपते तिथे डाव्या बाजूला एक छोटासा उंचवटा, हात उचलताना काहीतरी तिथे साठून राहावं तसा. तिने दुसरा तुकडा उघडला. तेच. तिसरा. तेच. अंगणात बसकण मारून बसलेल्या बाईचा हात जेवढा पोचतो तेवढीच प्रत्येक कमान.

मग तिने नळाकडच्या कोपऱ्याचा तुकडा उघडला.

तिथेही कमानी होत्या, चार रेघाही होत्या. पण उंचवटा उजव्या बाजूला होता. सगळ्या रांगा उलट्या चालल्या होत्या.

काशीबाई डावरी आहे. मासे डाव्या हाताने कापते, भाकरी डाव्या हाताने थापते. लहानपणी या हातावर तिने आजीचा मार खाल्ला, लग्नानंतर सासूची बोलणी खाल्ली, देवाला फूल वाहताना आजही ती हात बदलते. आणि दर हंगामाला, पहिला जवला पडायच्या आधी, आळीतल्या बाया वाळूतलं जवला वाळवायचं खळं शेणाने सारवायला रांगेने बसायच्या तेव्हा सगळ्यांचे हात एका बाजूला जायचे आणि एकटीचा दुसऱ्या. लहान हेमांगी ओल्या खळ्याकडे बघून सांगायची, इथून इथपर्यंत माझ्या आईने सारवलंय. कधी चुकली नाही.

आजही चुकली नाही. ती स्क्रीनसमोर एकटीच मोठ्याने हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"मनीष! अरे मनीष!"

"काय झालं?"

"ओटा सारवलेला होता?"

"हो मग," मनीष सहज म्हणाला. "शेणानं. काय सुरेख सारवला होता म्हणता. आमच्याकडं बी अंगण असंच असतंय."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

मनीष खरोखरच बुचकळ्यात पडला. "त्यात सांगायचं काय? जमीन सारवलेलीच असती की."

 मशीन परदेशी, गणित बिनचूक, आणि माप घेणारा असा की ज्याच्या गावी जमीन म्हटली की ती सारवलेलीच. हेमांगीने फोन उचलला.

"आई, ओट्याचं बोल."

"आता नको," काशीबाई फुरंगटून म्हणाली. "तुझा रिपोर्ट जाऊ दे."

"आई, तुझ्या पाया पडते. मनीष यायच्या आधी तुमी काय केला?"

"काय म्हंजे? सारवला! मशीन बघाय येनार, मानसा येनार, नि खळा काय तसाच उघडाबोडका ठेवाचा? पोरीला बघाय पावने येतात तेवा अंगन सारवतो ना आपुन? गोदूबाई बोलली, पयला हंगाम हाय, सगल्या बसू. सगल्या बसलो. पाटलाच्या गोठ्यातशी शेण आनला. मी नळाकडं बसलू." मग जरा थांबून, भीत भीत: "कशाला गो? वंगाल झाला काय?"

"वंगाळ नाय आई. आता फक्त तो धू."

"धू? एवडा सारवलेला?"

"सगळा. झाडूने घासून. मशीनने सिमेंट नाही मोजलं, तुमचे हात मोजले."

 मग काशीबाई फोन बाजूला धरून ओरडली, "गोदूबाई, झाडू काडा!" आणि फोन तसाच राहिला.

दिग्विजय सरांना पटवणं हे वेगळंच काम होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "आई म्हणाली म्हणून पुन्हा मोजायचं?"

"नाही सर. हे बघा म्हणून." तिने त्यांना कमानी दाखवल्या, चार रेघा दाखवल्या, उंचवटे दाखवले. सरांनी नकळत स्वतःचा हात टेबलावर अर्धवर्तुळात फिरवून बघितला. मग ते म्हणाले, "उद्या मीही येतो. मोजायचं मनीषनं. तू यायला हरकत नाही, पण कशाला हात लावायचा नाहीस. आणि दोन्ही मापं रिपोर्टात जातील, कारणासकट. लपवण्यासारखं यात काही नाही."

हेमांगीला हे सगळं मान्य होतं. ठिपके गुळगुळीत करायचा तो विचार तिला आता आठवला. तो मार्ग धरला असता तर आईच्या बोटांच्या खुणा तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या असत्या आणि त्या कधी दिसल्याही नसत्या.

पण एक भीती उरलीच होती. धुतल्यावरही ओटा खडबडीत निघाला तर? मुकादम काही कुणाचा सख्खा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे मुरब्याला पोचले. ओटा धुऊन, उन्हात सुकून पांढराफटक पडला होता. बाया कडेला उभ्या होत्या, कुणी ओट्यावर पाय ठेवत नव्हतं. चपला तर लांबच, वाऱ्याने पान आलं तर गोदूबाई ते उचलायला धावत होती. हेमांगी त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि हात पाठीमागे बांधले. काशीबाई तिच्या शेजारी आली. लेकीच्या बांधलेल्या हातांत तिने आपलं बोट अडकवलं.

लुगडं धरलं गेलं. मशीनच्या उजेडाच्या पट्ट्या सिमेंटवरून सरकल्या. मनीष एकेक जागा बदलत गेला, शेवटी नळाकडच्या कोपऱ्यात आला. मग लॅपटॉप नळाच्या कठड्यावर ठेवून तो आणि सर वाकून बसले. हिरवी पट्टी भरत होती ती इतकी हळू की गोदूबाईने विचारलं, "मशीन निजला काय?"

 पट्टी भरली. सरांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, आणि लॅपटॉप हेमांगीकडे वळवला.

अर्ध्या मिलिमीटरच्या आत. बराच आत. नळाकडचा कोपरा सगळ्यांत चांगला.

"पास," सर म्हणाले. "ओटा उत्तम झालाय. मुकादमाला माझा नमस्कार सांगा."

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच ओट्याच्या कडेला बसली. बायांना आकडा कळला नाही, पण सरांचा चेहरा कळला. एकच गलका झाला. मनीषला कुणीतरी आग्रहाने सावलीत नेऊन बसवलं, आणि थोड्याच वेळात तळणीचा वास आला. सरांनाही ताट चुकलं नाही.

गलका ओसरल्यावर काशीबाई लेकीजवळ येऊन बसली.

"मना दाखव."

"काय?"

"त्या मशीनमदला माजा हात."

हेमांगीने लॅपटॉप मांडीवर घेऊन जुनं माप उघडलं. लाल-निळ्या कमानी उमटल्या. तिने त्या हळूहळू फिरवून दाखवल्या, उजेड तिरपा पडल्यासारख्या. काशीबाई डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिने डावा हात उचलला आणि बोटं काचेच्या जरा वर, एका कमानीवरून फिरवली. चारी रेघांवर चार बोटं.

"ह्यो तर धुतला आमी काल," ती म्हणाली.

"इथे आहे. हा मी पुसणार नाही."

काशीबाईने हात मागे घेऊन पदराखाली धरला, देवळात धरते तसा. "आये मारायची या हाताला. उलटा हात, उलटा हात करून. मशीनला पन उलटाच दिसला ना गो?"

"मशीनला उलटं-सुलटं काही कळत नाही आई. त्याने नुसते खड्डे मोजले आणि ओटा नापास केला." हेमांगीने स्क्रीनवरच्या कमानीवर बोट ठेवलं. "तुझा हात मी ओळखला. म्हणून तर ओटा वाचला."

 बंदरावरून सुजीत, हेमांगीचा भाऊ, पहिल्या जवल्याची टोपली घेऊन येत होता आणि टोपलीतून पाणी गळत होतं. काशीबाई उठली, पदर खोचला, टोपली उतरवून घेतली आणि नळाकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पहिली मूठ टाकायच्या आधी तिने रिवाजाप्रमाणे हात बदलला. मग थांबली, लेकीकडे बघितलं, आणि पुन्हा डाव्या हाताने मूठ भरली.